आखूड पायाचा ठेका

माझ्या वडिलांचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड होता आणि आमच्या घरात हा विषय निघत नसे. लहानपणी कराडजवळच्या गावी ते विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. हाडवैद्याने पाय बांधला, हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पुढे दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून झाले आणि पहाडगंजातल्या एका मोच्याकडून उजव्या बुटाच्या तळाला रबराचे जादा थर चिकटवून घ्यायला लागले. बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसावेत म्हणून थरांनाही काळं पॉलिश. त्या बुटांत ते सरळ चालायचे. म्हणजे जवळजवळ सरळ.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांची चाल बघणं हाच माझा धंदा. पण मी कॉलेजात असतानाच आईने बजावलं होतं, "तुझं जे शिकायचंय ते बाहेरच्यांवर शीक. बाबांच्या पायाकडे बघायचं नाही." मी बघितलं नाही. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे नोएडाला राहायला आले तेव्हाही नाही. हृदय थकलं होतं, दिवसाचा बराच वेळ व्हीलचेअरवर जायचा, पण सकाळी खोलीतून बाल्कनीपर्यंत ते बूट घालूनच चालत. घरातल्या घरात बूट कशाला, असं माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं. मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन गप्प केलं.

या माणसाने दिल्लीतल्या मराठी मुलामुलींना लेझीम शिकवली. रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या मैदानात, शिट्टी गळ्यात, पांढरे कॅनव्हासचे बूट. पांढऱ्या बुटाला काळं रबर लपत नाही, म्हणून मैदानात ते थर न लावता उतरायचे. आठवडाभर साहेबांच्या फायली उचलणारे बाबा तिथे वेगळेच असायचे. आवाज चढायचा, पाठ ताठ व्हायची. ते सगळ्यांच्या पुढे, पोरांकडे पाठ करून उभे राहायचे आणि पोरं त्यांचं बघून करायची. गणपतीच्या मिरवणुकीतही ते ओळीच्या पुढे. मंडळातल्या आज साठीच्या आसपास असलेल्या बायका त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या. त्या अजून त्यांना 'सर' म्हणतात. त्यांच्या नातवंडांना मात्र लेझीम हा शब्दही येत नाही. ती म्हणतात, "दादी का वो छनछन वाला."

गेल्या वर्षी होळीनंतर एका मुलीचा फोन आला. नृत्य बसवणारी, तिशीतली, आईवडील कोलकात्याचे, ही वाढली गुडगावात. दिल्लीत बाहेरून आलेली माणसं आपल्या शरीरात काय घेऊन आली यावर तिला कार्यशाळा घ्यायच्या होत्या. गढवाली बायकांचा एक गट होता, मंडळाच्या बायका होत्या आणि करोलबागेच्या बाजूला खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी महाराष्ट्रातली काही मुलंमुली होती. शेवटी सगळ्यांचा मिळून एक कार्यक्रम होणार होता. मंडळाच्या अध्यक्षांनी माझा नंबर दिला होता, कारण निम्म्या मंडळाचे गुडघे माझ्याकडे असतात. माझं काम एवढंच, की बाजूला उभं राहायचं आणि कुणी पडणार नाही हे बघायचं. मी हो म्हटलं. शनिवारी दुपारी मला तशीही सवड असते.

नोएडातल्या एका सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये हॉल होता. परीक्षेवाल्या मुलांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ती जेवणासाठी आली आहेत. मंडळाच्या बायका डबे आणणार असं कुणीतरी त्यांना कळवलं होतं. बाकी मला हा सगळा प्रकार जरा जास्तच वाटत होता. नाच बसवणारी मुलगी म्हणाली, डोळे मिटा आणि दिल्लीत पहिल्या दिवशी स्टेशनातून बाहेर पडताना कसे चाललात तसे चाला.

एक काकू जागच्या हलल्या नाहीत. "मी चाललेच नाही. यांच्या स्कूटरवर बसले होते."

"तो वैसे ही बैठिए, आंटी."

काकू खुर्चीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि कुणाची तरी कंबर धरावी तसा हात पुढे केला. त्यांचे 'हे' करोनात गेले. ती मुलगी डोळे पुसायला लागली. मी पंखा बंद आहे म्हणून जाऊन बटण बघून आले.

मग बायकांनी लेझीम काढल्या. पहिल्या ओळीत मधोमध एक काकू असायच्या, बाबांच्या अगदी पहिल्या तुकडीतल्या. सगळ्या जणी त्यांच्याकडे बघून पाय टाकायच्या. सुरुवात झाली. लेझीम उघडली, मिटली, खाली गेली, वर आली, आणि उजवं पाऊल टेकताना पूर्ण ओळ एका बाजूला किंचित खचली. तिथे क्षणभर थांबली, लेझमीचा आवाज त्या थांब्यावर जोरात आला आणि ओळ पुन्हा सरळ झाली.

परीक्षेवाल्यांत सांगलीकडची एक मुलगी होती. शाळेत लेझीम केलेली. ती म्हणाली, "काकू, तुमचा पाय अडकतोय का तिथे?"

"अडकत नाही गं. तो ठेका आहे आमचा. दिल्ली ठेका."

"आमच्याकडे असं नव्हतं."

"तुमच्याकडे आता काय काय नसेल."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण मला तेव्हा दिसलं. या बायकांना मी लहानपणापासून बघत आले होते, पण बघायचं म्हणून कधी बघितलं नव्हतं. दोन्ही पाय चांगले असलेल्या दहा-बारा बायका आखूड पायाच्या माणसासारखं पाऊल टाकत होत्या. वजन उजव्या पायावर येताना कंबर खाली जाते, मग खांदा तोल सावरतो, आणि पुढचं पाऊल उशिरा पडतं. दवाखान्यात असा पेशंट आला तर मी बुटात उंचवटा घालायला सांगते.

मी डबे उघडायला गेले.

नाच बसवणाऱ्या मुलीला मात्र तो ठेका फार आवडला. हे दुसरीकडे कुठे नाही, मग दिल्लीत कुठून आलं, म्हणून तिने सांगलीच्या मुलीला छळलं आणि मग मला. शिकवणारे सर हयात आहेत आणि माझे वडील आहेत हे कळल्यावर ती पुढच्याच आठवड्यात घरी आली. बाबांनी त्यासाठी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बूटही. तिने टॅबलेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बायकांच्या लेझमीचा व्हिडिओ लावला.

इथे एक सांगायला हवं. मंडळाचे मिरवणुकीचे व्हिडिओ दर वर्षी ग्रुपवर येतात आणि ते बाबांनी बघितले होते. पण त्यांत कंबरेच्या वरचंच असतं, कारण प्रत्येकीला आपला चेहरा हवा असतो. या मुलीने नुसते पाय टिपले होते, संथ केलेले. ओळीच्या पुढे उभा राहणारा माणूस मागे वळून बघत नाही. बाबांनी ते पाय असे कधी बघितलेच नव्हते.

ते बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं.

"या सगळ्या लंगडतायत," बाबा मराठीत म्हणाले.

"क्या कहा अंकल ने?" तिने मला विचारलं.

"पानी माँग रहे हैं," मी म्हटलं आणि पाणी आणायला उठले.

ती गेल्यावर त्यांनी मला खुर्ची जवळ घ्यायला सांगितलं.

"तुला दिसलं असणार. तुझा धंदाच आहे तो."

"आत्ताच दिसलं. महिन्याभरापूर्वी."

"मला वाटायचं मैदानात कळत नाही. लेझीम हातात असली की पाय कोण बघतं." थोडा वेळ त्यांना दम लागला. मग म्हणाले, "गावचं जसंच्या तसं आणलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. आणि दिलं काय, तर हे."

"कुणाला कळलेलं नाही, बाबा. त्यांना तो ठेका वाटतो."

"मला कळलं ना." त्यांनी बुटांकडे बघितलं. "सुधार ते. सगळ्यांचं. मी आहे तोवर मला ते सरळ झालेलं बघायचंय. मागे लोकांनी म्हणायला नको, लंगड्याने शिकवलेलं."

ते किती दिवस आहेत याचा अंदाज त्यांनाही होता आणि मलाही. डॉक्टरांनी दिवाळीच्या पुढचं काही बोलणं टाळलं होतं. मी म्हटलं, करते. पेशंटला काय हवंय ते आधी विचारायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी दुसरा काही विचार केला नाही.

नाच बसवणाऱ्या मुलीला फोनवर सांगून भागेना. आधी मी म्हटलं, सर म्हणतात स्टेप चुकलेली आहे. ती म्हणाली, इतकी वर्षं एवढ्या बायका करतायत ती चुकलेली कशी, आणि चुकलेली असेल तर तीच मला हवी आहे. शेवटी मी तिला भेटून पायाचं सांगितलं, कारण त्याशिवाय ती ऐकणार नव्हती.

"दीदी, मैं तो यही ढूँढ रही थी."

"मिल गया. अब इसे छोड़ दीजिए."

तिने सोडलं. माझा तिच्यावर राग नाही. तिच्या जागी दुसऱ्या कुणी ती गोष्ट माइकवर सांगितली असती.

बायकांना मी एवढंच सांगितलं, की वर्षानुवर्षं करताना पाऊल जरा घसरलंय आणि सरांना ते मूळच्यासारखं हवंय. "सर म्हणाले ना, मग झालं," असं म्हणून त्या कामाला लागल्या. सांगलीची मुलगी पुढे उभी राहायची आणि मी बाजूने. जमिनीवर पिवळी टेप लावली, समोर आरसा ठेवला, फोनवर ठोके लावले. पेशंटची चाल सुधारताना जे करते तेच. बायका कुरकुरायच्या. "अगं, आमचे गुडघेच वाजतात, लेझीम कशाला हवी वेगळी?" मला वाटलं होतं, इतकी जुनी सवय, वर्ष तरी जाईल. पावसाळा अर्धा होईतो बहुतेकींची गेलेली होती. शरीर फार लवकर विसरतं. लोकांना हे पटत नाही, पण मी रोज बघते.

फक्त पहिल्या ओळीतल्या काकूंचं होत नव्हतं. त्या आरशासमोर उभ्या राहायच्या, टेपवर पाऊल टाकायच्या आणि उजवीकडे खाली जायच्या. मी दोनदा कंबरेला हात लावून धरून बघितलं. कंबर कुठेच आखडलेली नव्हती. चांगली सैल, तालमीतली कंबर.

त्या दिवशी हॉलबाहेर गाड्या लावतात तिथे त्यांनी मला थांबवलं.

"माझ्यावर मेहनत घेऊ नकोस. मला येतं सरळ."

"मग करत का नाही?"

"तुला खरं सांगू? हा ठेका कुठून आला ते मला माहीत आहे. मी सरांच्या मागे पहिल्या ओळीत असायचे. त्यांचा बूट माझ्या डोळ्यांसमोर."

मी उघडलेलं गाडीचं दार परत लावलं.

"मुलं मागे हसायची. एक तर नक्कल करायचा, सरांची शिट्टी संपली की. मग आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं. सर खाली जातात तिथे आपण पण खाली जायचं. सगळेच गेलो की हसणार कुणाला? पुढच्या वर्षीच्या मुली आल्या, त्यांना वाटलं असंच असतं. तिथून ते चालू."

"बाबांना माहीत नाही हे."

"कळायला नको होतं म्हणून तर केलं." त्यांनी पिशवीतून किल्ली काढली. "आणि तूही सांगू नकोस. आम्हाला तेव्हाच दिसलेलं होतं हे कळलं तर त्यांना काय वाटेल, विचार कर."

मी विचार केला. घरी जाताना, मेट्रोच्या पुलाखाली गाडी अडकली होती तेव्हा, नीट सगळ्या बाजूंनी केला. सांगितलं तर त्यांना कळेल की त्यांनी कुणाला लंगडायला शिकवलं नव्हतं. पण हेही कळेल, की पहिल्या रविवारपासून पोरं हसत होती आणि शाळकरी मुली त्यांना सांभाळून घेत होत्या. मैदान ही त्यांची एकच जागा होती जिथे थरांशिवायही पाय दिसत नाही असं त्यांना वाटत आलं होतं, तीही जाणार. न सांगितलं तर ते आपण चुकीचं शिकवलं असं धरून बसतील, पण ते सुधारता येण्यासारखं होतं, आणि आम्ही सुधारत होतो. मी सांगितलं नाही. आजही पुन्हा विचारलं तर माझं उत्तर तेच असेल, आणि ते बरोबर आहे की नाही हे मला आजही माहीत नाही.

काकूंनी कार्यक्रमातून नाव काढलं. "सरांच्या पुढ्यात मी सरळ करणार नाही आणि वाकडंही करणार नाही. मी येतच नाही." त्यांच्या जागी सांगलीची मुलगी उभी राहिली.

कार्यक्रम गणपतीच्या आधी झाला. उकाडा होता, हॉलमध्ये एसी चालत नव्हता. बाबांना मी पहिल्या रांगेच्या कडेला व्हीलचेअर लावून बसवलं, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पिशवीत घालून पायाशी ठेवला. गढवाली बायकांचा नाच छान झाला. स्कूटरवरच्या काकू खुर्चीवर बसल्या आणि लोक रडले. मग लेझीम आली.

चूक काहीच नव्हती. रेषेत पाय, रेषेत हात, एकही पाऊल उशिरा पडलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुठेही दिसते तशी लेझीम. टाळ्या जेवढ्या पडतात तेवढ्या पडल्या.

बाबा पुढे झुकून पाय बघत होते. "पहिल्या ओळीतली कुठे आहे?"

"त्यांचा गुडघा दुखतोय."

"तिचं सगळ्यात चांगलं होतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता बरोबर आहे."

"हवं होतं तसं झालं?"

"बरोबर आहे." त्यांनी हात खुर्चीच्या हातावर ठेवला. "यांना कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"नाही. हे माझं नाही." ते बायकांकडे नाही, रिकाम्या झालेल्या स्टेजकडे बघत होते. "पण बरोबर आहे. राहू दे. चल, घरी ने मला."

अजून एक गट बाकी होता. मी पिशवी उचलली आणि त्यांना मधूनच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट मागितले नाहीत, आणि त्यानंतरही कधी मागितले नाहीत. बाल्कनीपर्यंतचं चालणं तिथेच थांबलं. मी दोन-तीनदा म्हटलं, पायातलं बळ जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे."

दिवाळीनंतर हवा बिघडली, घरात हवा शुद्ध करायचं मशीन लावूनही त्यांना श्वास पुरेना, आणि ते गेले. मंडळाच्या सगळ्या बायका भेटायला आल्या. पहिल्या ओळीतल्या काकूही आल्या. दाराशी बाबांचे बूट होते, ते हलवायचे राहून गेले होते. काकू चप्पल काढताना त्यांच्याकडे बघत थांबल्या, मग आत येऊन बसल्या. चहा घेतला, माझ्या झोपेची चौकशी केली. ठेक्याबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

यंदाच्या मिरवणुकीला मी गेले होते. यमुनेत विसर्जन बंद झाल्यापासून मंडळ मैदानातच खड्डा खणून त्यात ताडपत्री घालून पाणी भरतं, त्यामुळे मिरवणूक म्हणजे कॉलनीला एक फेरी. बायकांनी सरळच केली लेझीम. दिल्ली ठेका म्हणून काही होतं हे नव्या सुना-मुलींना ठाऊकही नाही. काकू ओळीत नव्हत्या. प्रसादाच्या टेबलावर द्रोण लावत होत्या, रस्त्याकडे पाठ करून.

घरी येऊन मी बाबांचं कपाट रिकामं करायला घेतलं. कपडे गुरुद्वाऱ्यात दिले. चष्मे दिले. बूट कुणी घेईना, वॉचमननेही पायात घालून बघितले आणि परत आणून ठेवले. शेवटी रद्दीसाठी हाक मारणाऱ्या कबाडीवाल्याला वर बोलावलं. त्याने उजवा उचलला, हातात तोलून बघितला, मग डावा उचलला. दोन्ही शेजारी शेजारी फरशीवर ठेवून बघितले.

"मैडम, ये तो जोड़ी नहीं है."

"जोड़ी ही है," मी म्हटलं. "ले जाओ."